अंतराळवीर आला रे!

भर उन्हात तुम्ही कधी रेनकोट घातलाय? मी घातलाय! फाल्गुन महिना होता. आमच्या राळेगणसिद्धीच्या मळ्यात कांद्यावर फुलकिडे पडले होते. औषध फवारायचं म्हणून मी रेनकोट, हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क असा सगळा जामानिमा केला. पाठीवर पंप चढवतोय, तोच बांधावरची पोरं ओरडली, "अंतराळवीर आला रे!"

मला लाज वाटली. सगळं काढून ठेवलं. तात्या म्हणाले, "दे इकडं तो पंप. मला इतक्या वर्षांत काय झालं?" तोंडाला उपरणं गुंडाळून ते फवारायला लागले. मध्येच वारा फिरला. तासाभरात तात्या बांधावर कोसळले. उलट्या, डोळ्यांपुढं अंधारी. दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. औषध नुसतं नाकातोंडातूनच नाही, कातडीतूनही अंगात जातं, बरं का!

तात्यांच्या उशाशी बसलो असताना मला खऱ्या अंतराळवीरांची एक गोष्ट आठवली. १९७१ सालची. सोव्हिएत रशियाच्या सोयुझ-११ यानातून तिघेजण अंतराळस्थानकावर राहून परत येत होते. यानात जागा कमी, म्हणून हवाबंद पोशाख कुणाच्याच अंगावर नव्हता. आधीचे कितीतरी वीर तसेच सुखरूप परतले होते ना! पण या वेळी एक झडप भलत्या क्षणी उघडली आणि यानातली हवा निघून गेली. यान ठरल्याप्रमाणे उतरलं, पण आतले तिघेही गेले होते.

मग नियम झाला. चढताना आणि उतरताना पोशाख हवाच! त्याची सामग्री मावावी म्हणून तिघांऐवजी दोघेच जाऊ लागले. सुधारलेल्या यानातून पुन्हा तिघे जायला १९८० साल उजाडलं. माणूस एक कमी चालेल, पण पोशाख हवाच!

पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकलेले आपले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला उडाले, ते असाच 'सोकोल' पोशाख घालून. पोशाखात हवा भरून कुठं गळती नाही ना, हे आधी जमिनीवरच तपासतात. वर गेल्यावर शोधून काय उपयोग?

तेव्हा तुमच्या घरी कुणी फवारणीला निघालं, तर पंप चढवण्याआधीच त्यांना अडवा. पोरं हसतील, तर हसू देत.

आता फवारणीच्या दिवशी सकाळीच तात्यांची हाक येते, "अंतराळवीर, माझे मोजे कुठं ठेवलेस रे?"