ऑइल बघितलं का?

ज्यांच्या घरी सेकंडहँड फियाट होती, त्यांच्या जिन्याखाली एक पत्र्याची पेटी हमखास असायची. तीत दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना, प्लगपाना, पॉलिश पेपरचा तुकडा, जुन्या धोतराची फडकी, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, ग्रीसगन आणि ऑइलचा डबा. गावाला निघताना देवापुढं नारळ ठेवून झाला, डबे-पिशव्या डिकीत गेल्या, पोरं खिडकीसाठी भांडून बसली, की घरातलं कुणीतरी विचारायचंच, "ऑइल बघितलं का?"

नव्या गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, पण आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीपर्यंत पोचायला तिला बराच वेळ लागला. तोवर आमची सगळी भिस्त कुर्ल्याच्या कारखान्यातून कधीतरी निघालेल्या, दोन-तीन मालक बघितलेल्या फियाटवर. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगला गिअर, पुढं सलग सीट. आधीच्या मालकानं कुठलं ऑइल घातलं, कधी बदललं, हे विचारून खरं उत्तर मिळत नसे. म्हणून गाडी दारात आली की पहिलं काम ठरलेलं. होतं ते ऑइल पाडायचं, नवं भरायचं आणि हजारभर किलोमीटर झाले की तेही पाडायचं. वर्षानुवर्षं साठलेली काजळी नव्या ऑइलात सुटून येते, ती इंजिनात फिरत ठेवायची नाही.

रविवारी ऑइलची दांडी बघणं हा तर सोहळाच. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. आमचे आण्णा बॉनेट उघडत, दांडी काढून फडक्यानं कोरडी पुसत, परत पूर्ण खाली घालत आणि मग काढून उजेडात आडवी धरत. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की मान हलायची. मग एक थेंब अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायचा. काळं झालंय याची चिंता नाही. काम करणारं ऑइल काळं होणारच. पण करकरलं तर वाईट. पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली उतरतंय का बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, हेड गॅस्केट गेलं असणार. गाडी हलवूच नका. एवढं सगळं त्या एका थेंबात वाचता यायचं. आम्हा पोरांना बाराखडीच्या जोडीनं तेही शिकवलं गेलं.

ऑइल कुठलं घालायचं, यावर मात्र गल्लीत दोन पक्ष. इंजिन जुनं, झिजलेलं, तेव्हा जितकं जाड तितकं चांगलं, हा एक. त्यांना चाळीस नंबरचंच पाहिजे. गॅरेजचे उस्ताद दुसऱ्या पक्षाचे. म्हणायचे, "आण्णा, सकाळी मशीन गार असतंय. काकवीसारखं तेल वर चढंस्तोवर रॉकर कोरडाच फिरतोय." त्यांचं ऑइल वीस-चाळीस. डब्यावर २० डब्ल्यू ४० लिहिलेलं असे. पहिला आकडा गार असतानाच्या पातळपणाचा, दुसरा तापल्यावरच्या जाडपणाचा. म्हणजे पहाटे लवकर वर पोचतं आणि घाटात तापलं तरी टिकून राहतं. आमच्या मते उस्तादांचंच खरं होतं.

आंबा घाटात याची परीक्षा व्हायची. उतरणीला गिअरमध्ये गाडी सोडून मग अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला आणि निळ्या धुराचा भपकारा आला, तर व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. परतताना चढावर सतत धूर, तर रिंगा गेल्या. मग कितीही जाड ऑइल ओता, गाडी ते खाणारच. असं झालं की इंजिन खोलून उद्यमनगरात बोअर करायला जायचं आणि मामाच्या घरी जायला एस.टी. धरायची.

डबा घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागत. पंपावर पिंपातून हातपंपानं सुटं ऑइल मिळायचं, स्वस्त पडायचं, पण आण्णांनी ते कधी घेतलं नाही. सीलबंद डबाच घ्यायचा आणि रिकामा झाला की खिळ्यानं भोक पाडूनच भंगारात द्यायचा, म्हणजे कुणी त्यात गाळलेलं जुनं ऑइल भरून विकू नये. पाडलेलं काळं ऑइल वाळवी लागू नये म्हणून वाशांना लागायचं, फाटकाच्या बिजागऱ्यांना लागायचं, उरलेलं परड्यात ओतलं जायचं. हे शेवटचं चूकच होतं. त्यानं माती आणि विहिरीचं पाणी दोन्ही नासतं. आता ते जमा करून पुनर्वापरासाठीच द्यावं.

बाकी कामं बोलता बोलता उरकायची. पॉइंट घासणं, प्लग साफ करणं, किंगपिनला ग्रीस, बॅटरीत पाणी, फॅनबेल्टवर अंगठा दाबून बघणं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, तेव्हापासून टॅपेट जरा लवकर तपासायला लागलो, कारण जुन्या व्हॉल्व्हच्या बैठकीला त्या शिशाचाच आधार होता.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आमची फियाटच, २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. पण अशा गाड्या हौसेनं जपणारी तरुण मुलं अजून भेटतात, आणि ऑइल कुठलं घालू म्हणून विचारतात. नव्या गाड्यांचं पाच-तीस महाग आहे म्हणून ते आपल्या फियाटला चांगलं, असं समजू नका. तिच्या झिजलेल्या फटींना ते फार पातळ पडतं. वीस-चाळीस घाला, फारच पीत असेल तर वीस-पन्नास. गाडी कमी फिरत असली तरी वर्षातून एकदा बदलाच. आणि पाडताना आधी दहा मिनिटं फिरवून आणा; गरम ऑइल आपल्याबरोबर घाण घेऊन उतरतं, गार असलं तर ती तळाशीच राहते.