जाकार्त्याचा मोटाररहित रविवार

बटाविया या नांवानें ज्या शहराची ओळख आमच्या आजोबांच्या पिढीस भूगोलाच्या पुस्तकांतून झाली, तेंच हल्लींचें जाकार्ता. येथील मोटारींच्या रांगा पाहिल्या म्हणजे पुण्यामुंबईचें आपलें गाऱ्हाणें आवरतें घ्यावें लागतें. अशा शहराचा मुख्य राजरस्ता दर रविवारीं सकाळीं मोटारींना बंद असतो. हवेच्या शुद्धतेसाठीं २००५ सालीं झालेल्या कायद्यांत या प्रथेचें मूळ आहे. २०१२ पासून ती दर आठवड्यास पाळली जाऊं लागली.

या रस्त्याच्या उत्तर टोंकास आम्हांस पहिलें दर्शन घडलें तें अर्जुनाचें! मुसलमान बहुसंख्य असलेल्या देशांतील या महानगरांत, भर चौकांत, १९८७ सालीं उभारलेला त्याचा रथ आहे. सारथ्यास श्रीकृष्ण, आणि पुढें उधळलेले घोडे. खाजगी वाहनांपैकीं एवढ्या एकालाच आज सवलत दिसते, असें आमच्यांतील एक गृहस्थ म्हणाले. (सार्वजनिक बसगाड्यांना त्यांच्या राखीव पट्टींतून मुभा आहे.) तेथून दक्षिणेस चालूं लागलों. सहा दिवस जेथें इंजिनांची घरघर, तेथें चपलांचा आवाज आणि मुलांच्या सायकलींच्या घंटा! १९६२ च्या आशियाई क्रीडासामन्यांसाठीं उभारलेलें, हात उंचावून पाहुण्यांचें स्वागत करणारें युगुल ज्या कारंज्यावर उभें आहे, तेथवर आजीबाई नातवंडांचे हात न धरतां चालत होत्या. हें दृश्य आम्हांस त्या गगनचुंबी इमारतींहून अधिक मोलाचें वाटलें.

परंतु मोटारी हटल्या म्हणजे शांतता आपोआप नांदते, असें मात्र नाहीं. थोडें पुढें गेलों तों व्यायामवर्गाच्या ध्वनिक्षेपकानें आमचे कान किटले. आणि हा त्रास तर किरकोळच म्हणावयाचा. मोकळ्या रस्त्यावर हजारों माणसें आयतीं जमलेलीं पाहून पक्षोपपक्षांस मोह न झाला तरच नवल! म्हणून शहराच्या गव्हर्नरांनीं २०१६ सालीं नियम केला कीं, या वेळांत रस्ता पर्यावरण, व्यायाम आणि कला-संस्कृति एवढ्याच कामांस मिळेल; राजकीय पक्षांच्या कार्यास, वंश-धर्माची कुरापत काढण्यास किंवा चिथावणीस मिळणार नाहीं. तरीही त्याच वर्षीं ४ डिसेंबरच्या रविवारीं एका मोठ्या मेळाव्यांत पक्षांचीं निशाणें फडकलींच.

त्याहून वाईट प्रसंग २९ एप्रिल २०१८ चा. पुढील वर्षींच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या घोषणा छापलेले सदरे घालून दोन्ही बाजूंचे लोक आले होते. त्यांत विरुद्ध बाजूचा सदरा घातलेल्या एका बाईस व तिच्या लहान मुलास जमावानें घेरून हिणविलें, आणि तें मूल रडूं लागलें. त्याचें चलच्चित्र देशभर पाहिलें गेलें. मुलांनीं निर्धास्त बागडावें म्हणून मोटारी हटवाव्यात आणि त्याच रस्त्यावर मुलास माणसांचें भय वाटावें, याहून त्या उपक्रमाचा दुसरा पराभव कोणता? ध्वनिक्षेपक सोसतां येतो. हें सोसण्यासारखें नव्हे. नियम होता, पण त्या सकाळीं तो पाळला गेला नाहीं.

२०२० च्या मार्चांत साथीमुळें हे रविवार थांबले. जूनमध्यें एकदां रस्ता उघडला, तों एवढी गर्दी लोटली कीं पुन्हां बंद करावा लागला. नंतर २०२२ च्या मे महिन्यांत ते परत सुरू झाले.

आपल्याकडे पुणें महानगरपालिकेनें २०२१ सालीं ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला. तो दिवस वर्षांतून एकदांच येत असल्यानें व्यासपीठ कोणाचें व ध्वनिक्षेपक किती वेळ, हे प्रश्न अजून लहान वाटतात. दर आठवड्यास तो येऊं लागल्यास ते आधींच ठरवून ठेवावे लागतील.

जाकार्त्यांत मुख्य रस्त्यावरील विक्रेत्यांनाही बाजूच्या गल्ल्यांत हलविण्याचे प्रयत्न वारंवार झाले. वाट मोकळी राहावी हा हेतु समजतो; पण भाताची पेज विकणाऱ्या बाईच्या हांकेनें कोणाची शांतता भंगते, हें आम्हांस उमगलें नाहीं. अशाच एका गल्लींत बांकावर बसून आम्ही शहाळीं प्यालों. तेथें कोणीही कोणाच्या सदऱ्याकडे पाहत नव्हतें.