गिळायला त्रास झाला तर

घोडेगावातल्या आमच्या मामूंची मान तीन वर्षं आपोआप उजवीकडे वळत होती. सलाम फेरायच्या आधीच मान फिरलेली असायची. मागच्या सफमधली पोरं हसायची. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी ताविज आणून दिलं. शेवटी नगरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आजाराचं नाव सांगितलं, सर्व्हायकल डिस्टोनिया. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना नको ते आदेश जातात आणि ते आखडतात. त्यावर बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं द्यायचं ठरलं.

बोटॉक्स म्हणजे सुरकुत्या घालवायचं औषध, एवढंच बहुतेकांना माहीत. पण अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या गच्च मिटण्याच्या आजारासाठी. मूळ वस्तू मात्र जहर. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा जीवाणू ते तयार करतो, आणि खराब अन्नातून ते पोटात गेलं तर श्वास बंद पडून माणूस दगावू शकतो. नस स्नायूला ज्या रसायनाने निरोप देते, ते अॅसिटिलकोलिन हे जहर बाहेर पडूच देत नाही. स्नायू सैल पडतो. तीन-चार महिन्यांनी असर उतरतो, म्हणून इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं.

आता अडचण अशी की मानेचा स्नायू कुठला आणि घशाचा कुठला, हे औषधाला कळत नाही. ते शेजारी पसरलं तर तिथलाही स्नायू ढिला पडतो.

मामूंना इंजेक्शन शाबानच्या अखेरीला दिलं. आठवड्यात मान सरळ व्हायला लागली. मामींनी शुक्राने के नफिल पढल्या. मग रमजान लागला. एका इफ्तारला खजूर घशाशी अडकला. वरून पाणी प्यायले तर ते नाकातून आलं. आवाजही गेंगाणा झाला. दिवसभराच्या रोज्याने घसा सुकला असेल, असं म्हणत घरच्यांनी तीन दिवस काढले. दवाखान्यात फोन केल्यावर उत्तर आलं, ‘हो, असं होतं कधी कधी.’

कधी कधी होतं, तर आधी का नाही सांगितलं? मामूंनी सही केलेला कागद मी नंतर पाहिला. इंग्रजी मजकूर, त्यात ‘डिस्फेजिया’ हा शब्द, आणि खाली मामूंची उर्दूतली सही. ‘गिळायला त्रास’ हे दोन शब्द लिहायला किती शाई लागते? मी भाषेचा मास्तर आहे. औषधाच्या त्रासापेक्षा मला या कागदाचा राग जास्त आला.

२००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर चौकटीतली कडक सूचना छापायला लावली. असर टोचलेल्या जागेपासून दूर पसरू शकतो: पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं, आवाज बसणं, अंगात अशक्तपणा, गिळता न येणं, श्वास लागणं. हे काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही दिसू शकतं. आखडलेल्या हातापायांसाठी हे इंजेक्शन घेणाऱ्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या आईबापांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. २०२३ मध्ये वजन कमी करायला तुर्कस्तानात जाऊन पोटात हे इंजेक्शन घेतलेले कितीतरी लोक बोटुलिझमने आजारी पडले. ते लोण जर्मनीपर्यंत गेलं.

मामूंचं गिळणं पाच आठवड्यांनी सुधारलं. तोवर ताठ बसून छोटे घास, पाण्याऐवजी दाट खीर नाहीतर पातळ खिचडी. रोजे सोडायला ते तयार नव्हते. आजाऱ्याला सवलत आहे, कजा नंतर करता येतात, हे मौलानांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा कुठे ऐकलं. श्वास लागला असता तर वाट न पाहता मोठं हॉस्पिटल गाठायचं होतं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी डोस कमी केला. मान आता थोडी वळते, पण घास उतरतो. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतकं नसतं, म्हणून औषधाचं नाव, डोस आणि तारीख मी मराठीत आणि उर्दूत एका चिठ्ठीवर लिहून मामूंच्या खिशात ठेवली आहे. जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिकने हा असर वाढू शकतो. मध्यंतरी ताप आला तेव्हा मामींनी गावातल्या डॉक्टरांपुढे आधी ती चिठ्ठी ठेवली, मग मामूंना बाकावर बसवलं.