चर्चेअंती मंजूर
सभेचे इतिवृत्त म्हणजे बँकेचे पासबुक. त्यात शिल्लक कळते. काउंटरवर झालेले भांडण कळत नाही. आमच्या आळीला दिवसाआड पाणी द्यायचे ठरले, त्या ठरावाखाली एकच ओळ होती : 'चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' आता तुम्हीच सांगा, ही चर्चा केली कोणी? आमचे नगरसेवक तेव्हा बोलत होते, की चहा पीत होते? सभेचे रेकॉर्डिंग आहे. पण ते म्हणे 'कार्यालयीन कामासाठी'!

वास्तविक २००५ चा माहिती अधिकार कायदा भलताच उदार. १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवस वाट पाहा आणि माहिती टेपवर, व्हिडिओ कॅसेटवर, इतकेच काय, फ्लॉपीवरसुद्धा मागा! आता फ्लॉपी घालायची कशात, ते कायद्यात नाही.

लोकसभेला तर २००६ साली स्वतःची वाहिनीच मिळाली. तिथला गोंधळ आम्ही घरबसल्या पाहतो. पण दिल्लीतल्या भाषणाने आमच्या नळाला धार थोडीच येते! जिथे आमचे पाणी अर्धे झाले, ती सभा तेवढी ऐकू द्या.

मी अर्ज टाकला आहे. पाणी परत येईल न येईल. निदान कोणाच्या तोंडून गेले, ते तरी कळेल.