ऐनवेळचे विषय

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. लागतेही. फक्त ती कुठे लागली आहे हे शोधायला जावं लागतं. पंचायतीच्या फळ्यावर, घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीखाली अर्धी दडलेली असते. पूर्वी दवंडी पिटायचे. आता देवळाच्या भोंग्यावरून पुकारा होतो, नाहीतर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. नोटिशीचा फोटो स्वतःच काढून ठेवावा. पुढे ‘हा विषय नोटिशीत नव्हताच’ असा वाद निघाला तर तोच कामाला येतो.

*

विषयपत्रिकेतला पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. पहिल्या विषयाच्या वेळी लोक चपला काढत असतात, शेवटच्या वेळी चपला शोधत असतात. गावाच्या पैशाचं बरंच काही या दोन विषयांत होऊन जातं.

*

कोरम. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जी संख्या कमी असेल ती. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमायला हरकत नसावी. लग्नाच्या पंगतीला चौपट जमतात. पण जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. मग वीस-पंचवीस जणांत जे व्हायचं ते होतं. कोरम भरूच नये अशी काही जणांची मनापासून इच्छा असते, हे लिहिल्याचा कुणाला राग येईल, येवो. म्हणून मी तर म्हणेन, पहिल्या सभेला जाणं जमलं नाही तरी चालेल, तहकूब सभेला चुकू नका.

*

गावाच्या मतदार यादीत नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. निवडून यावं लागत नाही, कुणी नेमावं लागत नाही. नुकतंच नाव चढलेली सूनही सदस्य, आणि पोटापाण्यासाठी बाहेर राहणारा पण नाव इथेच ठेवलेला मुलगाही.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरातच होते: शिपाई वही घेऊन घरोघर फिरतो आणि सह्या गोळा करतो. एका सभेत ऐकलेला संवाद. ओट्याच्या कडेला बसलेल्या एका बाईने विचारलं, टाकी रोज भरते, मग आमच्या आळीला चार दिवसांआड पाणी का? सरपंच म्हणाले, “वहिनी, हा विषय महिला सभेत घ्यायचा होता.” त्या म्हणाल्या, “घेतलाय की. भाऊसाहेब, तो ठराव जरा वाचून दाखवा.” भाऊसाहेबांनी वही चाळली. पुढची पानं, मागची पानं, पुन्हा पुढची. सभा पहिल्यांदाच शांत झाली.

(ग्रामसेवकाचं पदनाम 2024 मध्ये बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं. गाव भाऊसाहेबच म्हणतं.)

*

“रस्ता निकृष्ट झालाय” असं म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि पुढचा विषय येतो. त्यापेक्षा विचारावं: अंदाजपत्रकात किती मीटर धरला होता, एमबीला (मोजमाप पुस्तिकेत) किती चढला, बिल निघालं का? तिन्ही उत्तरं कागदावर असतात, म्हणून द्यावी लागतात. आवाज चढवायची गरज पडत नाही.

मागणी करतानाही पैसा कुठल्या हेडखाली येतो ते कळलेलं बरं. पंधराव्या वित्त आयोगात 2021-22पासून 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला 40 टक्के अबंधित. बंधितातून सभामंडप मागणारा माणूस तासभर भांडतो आणि हात हलवत घरी जातो. गावाचा विकास आराखडा ठरायच्या वेळी भांडावं. तो मंजूर होऊन गेल्यावर नुसती तक्रार उरते.

*

आडवी बाटली. दारूचं दुकान बंद करण्यासाठी 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान लागतं: आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. पण जिंकायला झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे जी घरी राहिली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेलं. दुकानदाराला हे गणित पाठ असतं.

*

मेंढा (लेखा), गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. भाषणांत ती फार वापरली जाते; तिच्यामागचं काम कमी सांगितलं जातं. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. शिवाय सभेपलीकडे अभ्यासगट असतात. कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, यावर तिथे आधीच बोलणं झालेलं असतं, त्यामुळे सभेत कोरी पाटी घेऊन कुणी येत नाही. 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतुकीचा परवाना वनखातं देईना. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेकडे आलं. गावातल्या देवाजी तोफांसारखी माणसं तोपर्यंत वर्षानुवर्षं बैठका घेत होती. त्या बैठकांना ना मंडप होता, ना फोटोग्राफर.

*

शहरवाल्यांचं काय? पुण्यात 2006-07पासून नागरिक अंदाजपत्रकासाठी कामं सुचवू शकतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. पदपथ, दिवे, बाकडी अशी कामं त्यात बसतात. ग्रामसभेसारख्या क्षेत्रसभा शहरांसाठीही कायद्यात आहेत, रस्त्यावर मला दिसल्या नाहीत. मार्च 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकच कारभारी. सभागृह नाही म्हणून कुणी फार अस्वस्थ झालेलं दिसलं नाही, ही आपल्या शहरांची खरी अवस्था. हरकती-सूचनांचं हत्यार मात्र चालतं. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, लोकांनी त्यातल्या चुका काढून हरकतींचा ढीग घातला, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला.

*

गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते. साधी गोष्ट आहे, पण नोकरदाराला येता येतं.

*

आता सगळ्यात महत्त्वाचं. सभेत काय बोललात याला किंमत नाही. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, काय लिहिलं गेलं, ते खरं. अनेकदा वही सभेनंतर निवांत लिहिली जाते. सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. ज्याने विरोध केला त्याचंही नाव अनुमोदकात निघालेलं मी पाहिलं आहे. त्यामुळे आपला विषय आधी लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवा असा आग्रह धरावा. नंतर नक्कल मागायची तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज, पानाला दोन रुपये, 30 दिवसांची मुदत.

बहुतेक गावांत सभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास असते. झेंडावंदन झालं की जिलेबीचा पुडा घेऊन घरी पळू नका. वहीतली शेवटची ओळ वाचून होईपर्यंत बसा.