यांचं विसर्जन करायचं का?

दसऱ्यानंतरच्या एकादशीला रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, आणि ती उचलण्याआधी पोलिसांची तुकडी देवाला सशस्त्र मानवंदना देते. कडक इस्त्रीचा गणवेश, बंदुका, खणखणीत हुकूम, सगळं रीतसर. फक्त सलामी घेणारे साहेब पालखीत असतात. इंग्रजी अमलापासूनची रीत म्हणतात. राज्य बदललं, शिपायाच्या डोक्यावरची टोपी बदलली, सलामी राहिली. मला यातल्या भक्तीपेक्षा सरकारी रुबाबाचंच जास्त कौतुक वाटतं. देवाला सगळ्यांत वरचा अधिकारी नेमायचं, आणि त्यानं वर्षातून एकदा गावभर फिरतीवर निघायचं!

त्या सलामीतल्या शिपायाची मातीची बाहुली हवी, असं मला वाटू लागलं ते एका परक्या गावामुळे. फ्रान्सच्या दक्षिणेला, मार्सेयच्या शेजारी ओबान्य नावाचं एक जुनं गाव आहे. आमच्या पेणसारखं तेही मातीवरच जगतं. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चची दारं बंद झाली, तिथले नाताळचे देखावे थांबले, तेव्हा त्या भागातले लोक घरातच मातीच्या चिमुकल्या बाहुल्या मांडू लागले. त्यांना सांतों म्हणतात. मार्सेयला १८०३ पासून त्यांचा बाजार भरतो. त्या मांडणीत बाळ येशूच्या भोवती सगळं गाव: पाववाला, मासळीवाली, सुऱ्यांना धार लावणारा, पिठाच्या गिरणीवाला. दोन्ही हात वर करून नुसता चकित होणारा गावातला एक भोळाही असतो. त्याला कामधंदा नाही, तरी त्याची जागा ठरलेली.

आणि आमचं पेण! पिढ्यान्‌पिढ्या माती मळतंय, पण स्वतःची एक बाहुली केली नाही.

ऐन आषाढात मी तिथल्या गणपतीच्या एका कारखान्यात डोळ्यांची आखणी बघत बसले होते. बाहेर पाऊस असा, की समोरचं दुकान दिसेना. आत माळ्यापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर गणपती, पांढरे, गुलाबी, अर्धे रंगलेले, सगळे आंधळे. खाली एक पोरगा भावनगरहून आलेल्या शाडूचा गोळा मळत होता, दुसरा साच्यातून निघालेले हात ओल्या मातीनं खांद्यांना चिकटवत होता. परदेशी जाणारे गणपती उन्हाळ्यातच बोटीनं निघून गेले होते, उरले होते ते दादर-ठाण्याचे. मातीला वाळायला ऊन नाही म्हणून दिवे लावून ठेवलेले, त्यामुळे कोंदट वाफ. रेडिओ मात्र बंद. आखणी करणारे काका खिडकीशी बसलेले, त्यांना गाणं चालत नसे. आधी भुवई, मग वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि शेवटी सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. रेघ ओढताना श्वास धरलेला. मग मूर्ती उचलून बाजूला ठेवायची, ती तोंड भिंतीकडे करून. असं का, म्हणून मी विचारलं.

"एवढे सगळे बघत बसले तर माझं काम व्हायचं कसं?" ब्रश न थांबवता ते म्हणाले.

प्लास्टर की शाडू, हा वाद तेव्हाही त्या वाफेत होताच. पुढे जून २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात मात्र त्या सोडायच्या नाहीत, असं बजावून. मला शाडूच आवडतो, जड असला, तडकत असला तरी. पण ज्याची चूल या दोन महिन्यांवर पेटते त्याला माझी आवड काय ऐकवायची?

मी मनातल्या मनात पेणच्या बाहुल्यांची मांडणी करत होते. मिठागरात उन्हानं रापलेला आगरी. पोह्याचे पापड लाटणाऱ्या दोघी, एकीचं तोंड चालू. जिताडा शेपटीला धरून भाव सांगणारी मावशी. रामवाडीच्या स्टँडवर घंटीची दोरी ओढणारा कंडक्टर. रोह्याचा तो सलामीतला शिपाई, पोट आत घेतलेला. १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा, अर्थात चालताना. आणि लहानपणी रोह्याला शाळेत गेलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. यांच्या एका हातात स्वतः मराठीत आणलेलं मेघदूत, दुसऱ्यात १९५६ चा अर्थमंत्रिपदाचा राजीनामा. मुंबईसाठी खुर्ची सोडणारा माणूस कोकणातल्या घरात कोनाड्यात असायला काय हरकत आहे?

कारखान्याच्या मालकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला.

"विनोबा जमतील. दाढी आहे, चष्मा आहे, लोक ओळखतील. देशमुखांच्या खाली नाव लिहायला लागेल." बशीत चहा ओतत ते थांबले. "पण ताई, यांचं विसर्जन करायचं की नाही?"

नाही, म्हटलं. ठेवायचे, दरवर्षी काढून मांडायचे.

"मग पुढच्या वर्षी गिऱ्हाईक यायचं कशाला?"