नाव आमची, नाव रमाईचे

नोकरी संपली, मुले आपापल्या घरी सुखी आहेत, आता पुढे काय? हा प्रश्न साठीनंतर प्रत्येक कष्टकरी जोडप्याला पडतो. तो आम्हालाही पडला. आम्ही दोघे वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो आणि पोटासाठी इंग्लंडात बर्मिंगहॅमला येऊन स्थायिक झालो. जन्मभर घड्याळाच्या काट्यावर धावलो. म्हणून ठरवले, आता सावकाश फिरायचे. त्यासाठी आम्ही साठवलेल्या पैशांतून इंजिनाची एक नाव घेतली. ती कशी निवडली, हे आपल्या वाचक बंधु-भगिनींना सांगावेसे वाटते. आयुष्याची पुंजी घालून कोणतीही मोठी खरेदी करणाऱ्याला त्यातले काही उपयोगी पडेल.

राबणाऱ्यांचे कालवे

इथले कालवे शेतीसाठी खणलेले नाहीत. रेल्वे नव्हती तेव्हा कोळसा, लोखंड वाहून नेण्यासाठी ते खणले. बर्मिंगहॅमला पहिला कालवा १७६९ साली वेन्सबरीच्या कोळसाखाणींकडून आला. घोडा काठावरून नाव ओढी आणि नावेच्या मागच्या दहा फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राही. नाव सतत चालती, म्हणून मुलांना शाळा नाही. काठावरची माणसे या लोकांना हलके लेखत. त्यांच्या राहण्याच्या जागेची नोंद व्हावी, गर्दी आणि घाण कमी व्हावी, म्हणून १८७७ साली कायदा करावा लागला. हे वाचले तेव्हा ती माणसे आम्हाला परकी वाटली नाहीत.

पुढे रेल्वेने आणि ट्रकने माल पळवला. आज इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून सांभाळते. त्यांवर आता हौसेने फिरणारे लोक दिसतात आणि त्यांत निवृत्त जोडपी पुष्कळ.

दिवाणखाना मोठा की मुलूख मोठा?

कालवा टेकडी चढतो तो लॉकच्या साहाय्याने. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. नाव आत घ्यायची, मागची दारे लावायची, वरची झडप उघडून पाणी सोडायचे. पाणी चढते तशी नाव वर येते. दारे लोटायची ती आपणच, पाठ लावून.

मध्य इंग्लंडातली जुनी लॉक जेमतेम सात फूट रुंद आहेत. म्हणून तिथली नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंदीची असते. दहा-बारा फूट रुंद नावाही विकत मिळतात. आत सोफा, मोठे स्वयंपाकघर, सगळा थाट. आम्हाला मोह झाला. पण अशी नाव आमच्याच शहरातल्या फार्मर्स ब्रिजच्या १३ लॉकमध्ये शिरणार नाही. दिवाणखाना मोठा आणि मुलूख छोटा, असा तो व्यवहार. लांबीचेही तसेच. ७० फुटी नाव उत्तरेकडच्या काही लॉकमध्ये मावत नाही, ५७ फुटांपर्यंतची बहुतेक सगळीकडे जाते. आम्ही ५० फुटी घेतली.

मुलगी म्हणाली, “आई, या बोळात तुम्ही दोघे राहणार?” आम्हाला हसू आले. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही आठ माणसे होतो. नावेत आत दोनशेच्या वर चौरस फूट जागा आणि माणसे दोन!

गुडघ्याने दिलेला सल्ला

घेण्याआधी आठवडाभर भाड्याची नाव चालवून पाहिली. हे प्रत्येकाने करावे. वॉरिकजवळ हॅटन येथे दोन मैलांच्या आत २१ लॉक आहेत आणि चढण सुमारे १४६ फूट. सातव्या लॉकपाशी आमच्यापैकी एकाच्या गुडघ्याने तक्रार केली आणि संध्याकाळी भांडण जुंपले. “अहो, दारे मीच लोटायची आणि तुम्ही नुसते सुकाणू धरून उभे?” दुसऱ्या दिवशी कामांची अदलाबदल केली. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, त्यामुळे सुकाणू शिकायला दोन दिवस पुरले. त्या आठवड्यात नियम ठरला, की दोन्ही कामे दोघांनाही आली पाहिजेत. उद्या एकजण आजारी पडला तर दुसऱ्याने नाव काठाला लावून मदत बोलावता आली पाहिजे.

त्याच नियमाने पुढची निवड झाली. जुन्या पद्धतीच्या नावेत मागे सुकाणूपाशी एकालाच नीट उभे राहता येते, दुसरा आत एकटा बसतो. आम्ही मागे मोकळा ओटा असलेली नाव शोधली. तिथे दोघे शेजारी उभे राहतो, चहा पितो, बोलतो. आणि पलंग असा पाहिला, की रात्री उठताना एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावे लागू नये. तरुणांना हे हास्यास्पद वाटेल, पण साठीनंतर हे महत्त्वाचे!

रंगाला भुलू नका

पहिली नाव पाहता क्षणी आवडली. लाल-हिरवा रंग, दारावर गुलाबाची फुले. विकणारा म्हणाला, “आजच बयाणा द्या, उद्या राहणार नाही.” सुरक्षिततेचे प्रमाणपत्रही त्याने पुढे केले. हे प्रमाणपत्र दर चार वर्षांनी लागते. पण ते गॅस, वीज, आग यांविषयीचे असते. नावेचा पत्रा किती झिजला, ते त्यात कळत नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले होते, की कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. आम्ही आमच्या खर्चाने तपासनीस नेमला आणि नाव पाण्याबाहेर काढली. नव्या नावेचा तळ साधारण दहा आणि बाजू सहा मिलिमीटर जाडीच्या असतात. या नावेच्या बाजू काही ठिकाणी चारच्याही खाली आल्या होत्या. एवढ्या पातळ पत्र्याला विमा कंपन्या सहसा तयार होत नाहीत. तपासणीचे पैसे गेले, पण पुंजी वाचली. दुसरी नाव साधी निळी होती, पण पत्रा ठणठणीत. तीच घेतली.

राहते घर मात्र विकले नाही. परवाना, विमा, डिझेल, दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा लेप, हे खर्च चालूच राहतात आणि म्हातारपण कुणाला चुकले नाही. कायमची जागा नसलेल्या नावेला साधारण दर चौदा दिवसांनी पुढे सरकावे लागते. आम्ही एप्रिल ते ऑक्टोबर फिरतो आणि हिवाळ्यात नाव मरिनात बांधून घरी येतो.

पाणी आणि संडास

कालव्याकाठी ठरावीक अंतरावर पाण्याचे नळ आहेत. नाववाल्यांना एकाच प्रकारची किल्ली मिळते. ती लावायची आणि टाकी भरायची. पहिल्यांदा नळी लावून उभे राहिलो तेव्हा दोघांनाही २० मार्च १९२७ चे चवदार तळे आठवले. मागे एक गोरा म्हातारा आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

संडासाची पेटी आठवड्यातून दोनदा उचलून नेमलेल्या जागी रिकामी करावी लागते. ज्याची त्याने. डॉक्टर असो की हमाल, रांगेत पेटी हातात घेऊन उभा. आपल्या देशात हे काम जातीने माणसांच्या माथी मारले. त्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे करावे लागले. स्वतःची घाण स्वतः उचलली तर कुणाचा हात झडत नाही, हे आम्ही नातवंडांना इथे दाखवतो.

लंडनला रमाई

नाव पाण्यात असताना तिचे नाव बदलू नये, असा इथे एक समज आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांना असल्या शकुनांची भीती कसली? आम्ही पाण्यातच अक्षरे रंगवली: रमाई.

पहिल्याच उन्हाळ्यात ग्रँड युनियन कालव्याने लंडन गाठले. रेल्वेने दीड तासाचा प्रवास आम्ही तीन आठवड्यांत केला. लिटल व्हेनिसला नाव बांधली आणि रीजेंट्स कालव्याच्या कडेने पायी प्रिमरोझ हिलकडे निघालो. तिथून जवळच किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. पुढे १९४५ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत असताना, आपल्या देशात केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. नद्यांवरून नावा चालाव्यात, हाही विचार त्यात होता.

बाबासाहेब या शहरात उपाशीपोटी अभ्यास करत होते, तेव्हा रमाई मुंबईत हालअपेष्टा सोसून संसार रेटत होत्या. त्यांना लंडन कधी पाहायला मिळाले नाही. संध्याकाळी आम्ही परतलो, तर काठावर एक लहान मुलगी नावेवरची अक्षरे पाहत उभी होती. तिने विचारले, “रमाई म्हणजे कोण?”

आम्ही तिला आणि तिच्या आईला ओट्यावर बोलावले, चहा केला आणि सांगायला बसलो.

जयभीम! नमो बुद्धाय!